पदरावर कासवं

आमच्या सरांना घाईत पाहिल्याचं सांगणारा एक माणूस मला मागे भेटला होता. जरा चौकशी केल्यावर कळलं की त्यानं दुसऱ्याच कुणाला तरी पाहिलं होतं. सर चालायचे ते पाण्यातून चालल्यासारखे. ते सिग्नलला येऊन उभे राहिले की सिग्नलसुद्धा विचारात पडायचा. नाशकात हिवाळ्याच्या सकाळी जे धुकं असतं ते गोदावरीवरून उठतं असं लोक म्हणतात, पण माझी पक्की खात्री आहे की सर घरातून निघाले की ते त्यांच्या मागोमाग यायचं आणि ऑफिसच्या जिन्यापाशी त्यांना सोडून परत फिरायचं. आणि हा माणूस एका सॉफ्टवेअर कंपनीत, म्हणजे जिथे प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट कालच हवी असते तिथे, टीमला वेगात ठेवायला नेमलेला होता.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी त्यांना हे वाचून दाखवेल, मग ते मला फोन करतील आणि "कसा आहेस" न विचारता "रात्री स्वप्नात काय पाहिलंस" असं विचारतील. माझ्याकडे हल्ली सांगण्यासारखं काही नसतं.

हुद्द्यानं ते स्क्रम मास्टर. स्क्रम मास्टर नेमकं काय करतो, हे कंपनीच्या मालकांनी त्यांना नेमल्यावर काही महिन्यांनी विचारलं.

"टीमच्या वाटेतले दगड उचलतो," सर म्हणाले.

"आणि दगड नसले तर?"

"तर वाटेत आपणच बसलेलो नाही ना, ते बघतो."

मालक त्या वेळी आमच्या टेबलांच्या बरोबर मध्ये उभे होते. ते बाजूला सरकले.

ऑफिस त्र्यंबक रोडला, तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली मिसळीचं हॉटेल. रोज सकाळी आमची उभी मीटिंग व्हायची. उभी अशासाठी की बसला की माणूस लांबण लावतो. पण आमचा डिझायनर उभ्यानंही अर्धा दिवस बोलू शकायचा, म्हणून सरांनी त्यावर उपाय काढला. त्यांच्या गावाहून, देवळ्याकडून, कांद्याची गोणी यायची. ज्याची पाळी त्यानं हातात कांदा घ्यायचा आणि सोलता सोलता सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, कशात अडकलोय. डोळ्यांत पाणी आलं की थांबायचं. त्या कांद्यापुढे भल्याभल्यांची भाषणं वितळली. एकदा पुण्याहून काम द्यायला पाहुणे आले, ते काचेपलीकडून बघत राहिले. सबंध टीम गोलात उभी, एकेक जण काहीतरी पुटपुटतोय आणि घळाघळा रडतोय.

"कुणी गेलं का हो?" त्यांनी मालकांना हळूच विचारलं.

"नाही," मालक म्हणाले, "पोरांचा कामावर जीव आहे."

काम आम्हालाच मिळालं.

सोललेले कांदे खाली जायचे. मिसळवाला आमच्या मीटिंगवर हॉटेल चालवत होता असं मी म्हणत नाही. पण आम्हाला सुट्टी असली की त्याची मिसळ बिनकांद्याची असायची, एवढं मी स्वतः खाऊन पाहिलेलं आहे.

कामाच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायची पद्धत सगळीकडेच असते. आमच्या खिडकीतून अंजनेरीकडचा वारा असा घुसायचा की सकाळी चिकटवलेलं काम दुपारी गंगापूर धरणावर सापडायचं. एके दिवशी खालचा वेटर वर आला, हातात तर्रीनं लाल झालेली चिठ्ठी.

"‘पासवर्ड विसरल्यास’, हे तुमचंच ना? गिऱ्हाइकाच्या रश्श्यात पडलं होतं."

सरांनी ती चिठ्ठी रुमालानं पुसली आणि आम्हाला दाखवली. "बघा. आपलं काम आज पहिल्यांदा गिऱ्हाइकापर्यंत पोचलं."

त्यानंतर त्यांनी ऑफिसात या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि चिठ्ठ्यांना चिमटे लावले. एका टोकाला करायची कामं, मध्ये चाललेली, दुसऱ्या टोकाला झालेली. दुपारी तिरपं ऊन यायचं, चिठ्ठ्या हलायच्या, त्यांच्या सावल्या आमच्या हातांवरून सरकायच्या. तिथे काम करताना कुणाच्या तरी गच्चीत, वाळत घातलेल्या धोतरांखाली आडवं पडल्यासारखं वाटायचं. मी त्या दोरीखाली सर्वांत चांगला कोड लिहिला आणि सर्वांत चांगल्या डुलक्याही काढल्या. कुठलं कधी, ते आता सांगता येणार नाही.

एखादं काम किती दिवसांत होईल, याचं उत्तर सर कधी दिवसांत द्यायचे नाहीत. फळात द्यायचे. हे काम द्राक्षाएवढं, ते पेरूएवढं, आणि फणस आला की आधी कापून गरे वेगळे करायचे, अख्खा फणस कुणी उचलायचा नाही.

"पण पेरू म्हणजे किती दिवस?" मालक हताशपणे विचारायचे.

"पिकला की कळेल. तोवर दर पंधरा दिवसांनी तुम्हाला एक फोड देतो. आंबट लागली तर सांगा, झाड इथंच आहे."

आणि ती फोड खरंच मिळायची. अर्धवट असेल, कच्ची असेल, पण चालणारी. नुसते कागद दाखवून त्यांनी कुणाला कधी परत पाठवलं नाही. गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की सर खूश व्हायचे आणि गावाकडची बोली बाहेर यायची. "भारी शे," म्हणायचे, "आता कळलं काय हवंय ते."

पण त्यांचं खरं वेड होतं स्वप्नांचं. सकाळच्या तीन प्रश्नांच्या मागे त्यांनी चौथा लावला होता: रात्री स्वप्नात काय पाहिलं? त्यालाही त्यांच्याकडे व्यवहारी कारण होतं. बनवलेली प्रत्येक गोष्ट आधी प्रोग्रॅमच्या सरावाच्या प्रतीत खोटी माहिती भरून तपासावी लागते. आम्ही सगळे आळशी, तिथे कखग, कखग असं बडवायचो. सर म्हणायचे, "कखग लिहिताना माणूस झोपतो, आणि झोपलेल्याला चुका दिसत नाहीत. खऱ्यासारखं लिहा, पण खरं नको. असं काय असतं? स्वप्न."

म्हणून आमच्या सरावाच्या प्रतीत जगातली सर्वांत सुंदर माहिती होती. त्यात काचेच्या बैलगाड्यांची बिलं होती. तपोवनात उगवलेल्या जिन्याचं घरपट्टीचं खातं होतं. मी एकदा धरणाच्या पाण्याखालून जाणाऱ्या एसटीचं तिकीट काढलं होतं, त्यात खिडकीची जागासुद्धा मिळाली होती. डिझायनर स्वप्नं जागेपणी रचून आणायचा, पण ती छान असायची म्हणून सर चालवून घ्यायचे. स्वतः सर मात्र आपलं स्वप्न कधी सांगायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी अजून त्यातच आहे."

त्या सुमाराला येवल्याच्या एका पैठणीवाल्या शेठचं काम आमच्याकडे आलं. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून साडी सांगायची, रंग, काठ, पदरावरची नक्षी सगळं. ती ऑर्डर थेट विणकराच्या मोबाइलवर जाणार, आणि रोज विणून होईल तेवढ्याचा फोटो गिऱ्हाइकाला मिळणार. सर हरखून गेले. "रोज थोडं करायचं आणि रोज दाखवायचं, हे त्यांना आपल्याआधीपासून येतंय," ते म्हणाले. "फरक इतकाच की त्यांना विणलेलं उसवणं परवडत नाही. आपण फार सुखात आहोत रे."

टीममध्ये तपासणीचं काम एका मुलीकडे होतं. पेठच्या पलीकडच्या डोंगरातली, घरची भातशेती. कामात चोख आणि बोलण्यात इतकी कमी की तिच्या हातातला कांदा कायम अख्खाच पुढे जायचा. "केलं. करते. अडकले नाही." चौथ्या प्रश्नाला नुसती मान हलवायची. घरच्यांशी तिचा करार होता: नोकरी आहे तोवर नाशकात राहा, नोकरी सुटली की घरी ये. घरी स्थळ बघून ठेवलेलं होतं. हे तिनं एकदाच, जिना उतरताना, मला सांगितलं होतं, तेही मी पुढे होतो म्हणून. समोर असतो तर सांगितलं नसतं.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की ते खिडकीतून आत आलं आणि दोरीवरच्या झालेल्या कामांच्या बाजूला जाऊन थांबलं. सरांनी सवयीनं तिला चौथा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "कासवं दिसली."

सगळे थांबले.

"ढगांवरून चालली होती. एकामागे एक. पाठीवर भाताची रोपं होती."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग मी पण त्यांच्या मागे गेले."

ती सांगत होती आणि तिची बोटं आपोआप कांदा सोलत होती. खालचा रस्ता, रिक्षा, मिसळवाल्याचा झारा, सगळं त्या वेळी गप्प झालं होतं, याला मी साक्षीदार आहे. सरांनी तिच्या हातातला सोललेला कांदा घेतला. मग म्हणाले, "भारी शे. आज हेच टाक."

तिनं टाकलं. गिऱ्हाइकाचं नाव: पहाट. पदर: ढगांवरून चालणारी कासवं, पाठीवर भाताची रोपं.

आता यातली गोम सांगतो. सरावाची प्रत आणि खरी प्रत दिसायला अगदी सारख्या असतात. चुकू नये म्हणून सरावाच्या प्रतीवर वरच्या बाजूला ठसठशीत लाल पट्टी होती. ती पट्टी आमच्या डिझायनरनं आदल्याच आठवड्यात काढून टाकली होती, कारण पैठणीच्या फोटोशेजारी ती त्याच्या डोळ्यांना खुपत होती. मुलीनं ऑर्डर टाकली ती खऱ्या प्रतीत, म्हणजे येवल्याच्या मागांशी जोडून चालू झालेल्या अ‍ॅपमध्ये. रोजचे फोटो ‘पहाट’च्या पत्त्यावर जात राहिले, आणि तो पत्ता जगात कुणाचाच नव्हता.

बरेच दिवस गेले. एका सकाळी मीटिंगला गोलात उभे राहत होतो तोच सरांचा फोन वाजला. अ‍ॅपमध्ये मदतीसाठी त्यांचाच नंबर दिलेला होता. त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"हॅलो, येवल्याहून बोलते. मागावरून. त्यो ढगाचा रंग कोणता घ्यायचा? लिव्हलेला नाय."

"कसला ढग, मावशी?"

"कासवाखालचा."

आमच्या गोलात कुणीही कांदा धरलेला नव्हता, तरी त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुठवर आलंय काम?" सरांनी विचारलं.

"दीड कासव झालंय. दुसऱ्याचं तोंड राह्यलं."

मागावरचं कासव बघून शेठनं अर्ध्या तासात मालकांना फोन केला, आणि मालक सरांपुढे येऊन उभे राहिले. माग अडकून पडलाय, रेशीम गेलं, हे कासव कोण नेसणार, असं शेठ म्हणत होते. ज्यानं हे केलं त्याला काढलं तरच काम आमच्याकडे ठेवणार होते.

"नाव द्या," मालक म्हणाले.

"येवल्याला जाऊन देतो."

"अहो, फोनवर सांगा ना."

"मोठं आहे. फोनवर मावणार नाही."

ती मुलगी तेवढ्यात आपलं टेबल आवरायला लागली होती. फणी, डबा, पाण्याची बाटली पिशवीत चालली होती. सर तिच्यापाशी गेले. "डबा राहू दे. बाटली भरून घे, येवल्याला ऊन असतं."

सबंध टीम एसटीनं निघाली. निफाडपर्यंत धुकं आमच्याबरोबर होतं. दोन्ही बाजूंना कांद्याचे हिरवे वाफे, त्यांत वाकलेल्या बायका, आणि बस अशी चालली होती की रस्ता खालून सरकतोय आणि आम्ही जागेवरच आहोत. एका म्हशीनं आम्हाला मागे टाकलं. मुलगी खिडकीशी बसली होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती. काय, ते मला ऐकू आलं नाही.

मागाची खोली लांबट होती, वर कौलांतून एक काच. त्या काचेतून पडणारं ऊन बरोबर पदरावर आलं होतं. मी पैठण्या पाहिल्यात, त्यांतले मोर पाहिलेत. पण जरीच्या पिवळ्या जमिनीवर ते हिरवं कासव मान वर करून निघालं होतं, पाठीवर इवलीशी रोपं, आणि तुम्ही डोळे मिटले तर ते पुढे गेलेलं असेल असं वाटत होतं. मी मिटून पाहिले. थोडं गेलं होतं.

मागावर त्या फोनवरच्या मावशी बसल्या होत्या आणि शेठ हाताची घडी घालून उभे होते. "कोण?" एवढंच विचारलं.

सर जमिनीवर मांडी घालून बसले. "शेठ, आमच्यात एक रीत आहे. काम झालं किंवा बिघडलं की आम्ही बसून विचारतो, काय झालं? कुणी केलं हे विचारत नाही. तेवढं उरकतो, मग नाव देतो."

"करा. पण लवकर."

"ते मला येत नाही," सर म्हणाले, आणि सुरुवात स्वतःपासून केली. "स्वप्नं भरायची पद्धत माझी. ती खऱ्यात जाऊ शकतात याचा मी विचार केला नाही. पुढे."

डिझायनर म्हणाला, "लाल पट्टी मी काढली. दिसायला बरी नव्हती."

मी म्हणालो, "ती काढल्यावर ‘झकास दिसतंय’ असं मी म्हटलं होतं." माझा वाटा एवढाच, पण मी तो खणखणीत आवाजात सांगितला.

मग त्या मुलीची पाळी होती. सर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, ते कासवाकडे बघत होते. मागाच्या दोऱ्यांवर ऊन हललं.

"मी कुठली प्रत उघडलीय ते बघायला हवं होतं," ती म्हणाली. "ऑर्डर मी टाकली. स्वप्नपण माझंच."

शेठनं वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. सर मघाइतक्याच सहजपणे म्हणाले, "पुढे. मावशी?"

विणकर मावशी दचकल्या. "मी पण सांगू?"

"तुम्ही पण यातच आहात."

मावशींनी पदर सारखा केला. "जलमभर मोर काढले. पोपट काढले, कमळं काढली. कासव कुणी मागितलंच नाय. वाटलं इचारावं, आन् वाटलं इचारलं तर नको म्हणतील. म्हून शेठना फोन केला, पण हळूच इचारलं."

"मला?" शेठ म्हणाले. "केव्हा?"

"दुकानात लग्नाची गर्दी व्हती. तुमी म्हणालात, लिव्हलंय ते ईण, डोकं नको खाऊ."

 शेठच्या हातांची घडी सुटली.

"शेठ, आता तुमची पाळी," सर म्हणाले.

"मी काय तुमच्या टीममध्ये आहे का?"

"कामाच्या पहिल्या दिवसापासून."

शेठ आधी भिंतीला टेकले आणि मग हळूहळू खाली बसले. "म्हणालो असेन," ते म्हणाले. "मावशी खोटं बोलायच्या नाहीत. न ऐकताच म्हणालो असेन."

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. पलीकडे आमचे मालक होते, आवाज सगळ्या खोलीत येत होता. "मिळालं का नाव, शेठ? आज संध्याकाळी काढून टाकतो त्याला."

शेठनं आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग मावशींकडे. "नावं बरीच निघाली," ते म्हणाले, "त्यात माझं पण आहे. तुम्ही कुणाला काढू नका. ऑर्डर दुकानाची समजा... नाही, नाही, उसवत नाही. अहो, अजून पदर अर्धा आहे." आणि फोन ठेवून ते त्या मुलीला म्हणाले, "पोरी, ढग कसले होते?"

ती उठली. मावशींनी रेशमाच्या लडी तिच्या दोन्ही हातांवर ठेवल्या आणि ती त्या घेऊन अंगणातल्या उजेडात गेली. पांढरी लड तिनं आकाशासमोर धरली आणि बाजूला ठेवली. राखाडी धरली, मान हलवली. "याच्यात थोडं पाणी हवं," ती म्हणाली. "रोपं लावायच्या आधी खाचरात असतं तसं." मावशी निळसर लड शोधायला आत धावल्या. शेठ स्वतः दुकानात जाऊन आणखी लडी घेऊन आले. ती एकेक बघत होती, दोन दोन एकत्र पिळून बघत होती, मावशींशी सारखं बोलत होती, आणि इतकं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

डिझायनरनं घड्याळ पुढे केलं. "सर, आपली बस आहे. तिला सांगा ना, एक कुठलातरी घे म्हणून."

सर ओट्यावर बसले होते. ते हलले नाहीत.

"थांब," ते म्हणाले. "गिऱ्हाईक अजून बघतंय."